व्हायरस निघाला, तरी ब्राउझर प्रॉक्सीवरच अडतो. बदललेले सेटिंग कायमचे पूर्ववत कसे करावे?

प्रश्न : कृष्णाकाठ

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमच्या घरी विंडोज ११ असलेला एक संगणक असून त्यावर मी आणि माझी पत्नी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी व मुद्रितशोधनाची कामे करतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे एक मोफत सॉफ्टवेअर मध्यंतरी या संगणकावर बसवले गेले. त्यानंतर ब्राउझरचे शोधयंत्र परस्पर बदलले, साध्या बातम्यांच्या पानांवरही सट्टेबाजीच्या जाहिराती दिसू लागल्या आणि पाने उघडायला फार वेळ लागू लागला. अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करून दोन फाइली काढून टाकल्या. जाहिराती लगेच थांबल्या. परंतु तेव्हापासून क्रोम आणि एज या दोन्हींमधून एकही संकेतस्थळ उघडत नाही. क्रोमच्या पानावर ‘नो इंटरनेट’ असे येते, प्रॉक्सी सर्व्हरमध्ये बिघाड आहे किंवा त्याचा पत्ता चुकीचा आहे असे त्याखाली म्हटलेले असते आणि तळाशी ‘ईआरआर प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड’ हा संकेत असतो.

इंटरनेटची जोडणी मात्र सुरू आहे. त्याच वाय-फायवर मोबाइल व्यवस्थित चालतो आणि संगणकावरून पिंग केले (म्हणजे दुसऱ्या संगणकाला छोटा संदेश पाठवून जोडणी तपासली) तर उत्तरही येते. क्रोम पूर्ण काढून पुन्हा बसवले, तरी काही फरक पडला नाही. शेवटी विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखालील प्रॉक्सीच्या पानावर पाहिले, तेव्हा ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ हा पर्याय चालू होता आणि त्यात १२७.०.०.१ हा पत्ता व ८८७७ हे पोर्ट (प्रोग्रामशी बोलण्याचा दार-क्रमांक) भरलेले होते. तो पर्याय बंद केला की क्रोम आणि एज ताबडतोब चालू लागतात. अडचण अशी की संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की तोच पर्याय, तोच पत्ता, तेच पोर्ट पुन्हा हजर. पत्नी फायरफॉक्स वापरते. तिथे तर विंडोजमधला पर्याय बंद असतानाही ‘प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे’ हाच संदेश येतो.

हे सेटिंग पुन्हा पुन्हा चालू कोण करते आणि ते शोधायचे कसे? फायरफॉक्सचे काय करावे? आणि तिसरी, मला सर्वांत जास्त काळजीची वाटणारी गोष्ट म्हणजे, जाहिराती दिसत होत्या त्या काळात याच संगणकावरून नेट बँकिंग केलेले आहे. त्याबाबत काय करावे? विंडोज नव्याने बसवणे शक्यतो टाळायचे आहे, कारण जुळणीची जुनी सॉफ्टवेअर डाँगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतात आणि ती पुन्हा बसवून घेणे फार जिकिरीचे असते.

उत्तर : तंत्रवाट

नमस्कार. तुम्ही तपशील नीट दिल्यामुळे काय घडले असावे ते बरेचसे स्पष्ट होते. आधी कारण सांगतो, कारण ते समजले की दुरुस्तीचा क्रम आपोआप लक्षात येतो.

१२७.०.०.१ हा बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरचा पत्ता नाही. प्रत्येक संगणक स्वतःलाच या पत्त्याने ओळखतो. याचा अर्थ त्या घातक सॉफ्टवेअरने तुमच्याच संगणकावर एक छोटा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ प्रोग्राम, चालू ठेवला होता आणि ब्राउझरची प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे द्यावी, अशी सूचना विंडोजमध्ये नोंदवून ठेवली होती. एखाद्याने पोस्टात परस्पर पत्ताबदलाचा अर्ज देऊन दुसऱ्याची पत्रे आधी स्वतःच्या घरी मागवून घ्यावीत, तसा हा प्रकार आहे. तो प्रॉक्सी पानांमध्ये जाहिराती घुसवून ती पुढे ब्राउझरकडे पाठवत असे. अँटिव्हायरसने प्रॉक्सीचा प्रोग्राम काढला, पण विंडोजमधली सूचना तशीच राहिली. प्रॉक्सीचे सेटिंग हे मुळात घातक नसते, कितीतरी कार्यालयांत आणि महाविद्यालयांत ते आवश्यकच असते, त्यामुळे अँटिव्हायरस पुष्कळदा त्याला हात लावत नाही. आता ब्राउझर नेमाने ८८७७ या पोर्टवर मागणी पाठवतो आणि तिथे ती घेणारे कोणीच नसते. पिंग प्रॉक्सीचा विचारच करत नाही, म्हणून त्याला उत्तर मिळते. क्रोम आणि एज हे दोघेही प्रॉक्सी कोणता हे विंडोजलाच विचारतात, म्हणून क्रोम कितीही वेळा पुन्हा बसवले तरी काही साधणार नाही. क्रोममधले ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरूनही नाही.

सेटिंग परत येते, यावरून एक गोष्ट निश्चित होते : प्रॉक्सी चालवणारा प्रोग्राम गेला असला, तरी सेटिंग लिहिणारा अजून शिल्लक आहे. ही दोन वेगळी माणसे आहेत असे समजून चालावे. मंचावर असे प्रश्न येतात तेव्हा ‘पर्याय बंद करा, झाले’ असे सांगून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे, ती मला अगदी नापसंत आहे. लिहिणारा सापडल्याशिवाय दुरुस्ती झाली असे म्हणताच येत नाही, कारण जो सेटिंग परत लिहू शकतो तो उद्या नवा प्रॉक्सीही उतरवून घेऊ शकतो.

प्रथम प्रॉक्सी खरोखरच गेला आहे ना, याची खात्री करा. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडा, ‘नेटवर्क’ या भागात जा आणि ‘लिसनिंग पोर्ट्स’ ही यादी पाहा. पोर्टच्या स्तंभात ८८७७ दिसले नाही, तर तिथे कोणी ऐकत नाही. दिसले, तर त्याच ओळीत डावीकडे प्रोग्रामचे नाव आणि क्रमांक असतो. टास्क मॅनेजरमध्ये त्या क्रमांकावर उजवी टिचकी देऊन ‘ओपन फाइल लोकेशन’ केले, की तो कोणत्या फोल्डरमध्ये राहतो ते कळते.

त्यानंतर लिहिणाऱ्याचा शोध. हे सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, साठवलेले असते. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकेईवाय करंट युजर’ या मुळाखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, इंटरनेट सेटिंग्ज अशा क्रमाने गेल्यास उजवीकडे ‘प्रॉक्सी एनेबल’, ‘प्रॉक्सी सर्व्हर’ आणि कधीकधी ‘ऑटो कॉन्फिग यूआरएल’ ही नावे दिसतील. ‘प्रॉक्सी एनेबल’ची किंमत १ म्हणजे चालू आणि ० म्हणजे बंद. या नोंदीवर कोण लिहितो, हे पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर सिसइंटर्नल्स विभागात ‘प्रोसेस मॉनिटर’ हे साधन मोफत मिळते. त्यात गाळणी लावताना मार्गाचा शेवट ‘प्रॉक्सी एनेबल’ने व्हावा आणि क्रिया ‘रेग सेट व्हॅल्यू’ असावी, अशा दोन अटी घाला. तुमच्याकडे सेटिंग संगणक सुरू होतानाच बदलत असल्यामुळे ‘ऑप्शन्स’मधील ‘एनेबल बूट लॉगिंग’ निवडून, प्रॉक्सीचा पर्याय हाताने बंद करून, संगणक पुन्हा सुरू करा. लॉग इन केल्यावर प्रोसेस मॉनिटर पुन्हा उघडला, की सुरुवातीपासूनची नोंद तो तुमच्यासमोर ठेवेल आणि त्या दोन अटींत बसणाऱ्या मोजक्याच ओळी उरतील. त्या ओळींतले प्रोग्रामचे नाव हाच आपला धागा आहे.

तिथे ‘रेग’, ‘पॉवरशेल’ किंवा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ असे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नका. ही विंडोजची स्वतःची साधने आहेत. ती काढून टाकायची नाहीत. त्यांना कामाला कोणी लावले, हे पाहायचे. ‘टूल्स’मधील ‘प्रोसेस ट्री’मध्ये कोणाच्या पोटातून कोण सुरू झाले हे दिसते, आणि अशा प्रकारांत बहुतेक वेळा मूळ टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या साधनात, निघते. टास्क शेड्युलर उघडून त्याच्या लायब्ररीतील एकेक नोंद निवडा आणि खालच्या ‘ॲक्शन्स’ या भागात ती नेमके काय चालवते ते वाचा. टास्कचे नाव एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या अपडेटरसारखे असेल, पण चालवली जाणारी फाइल ‘ॲपडेटा’ किंवा ‘प्रोग्रामडेटा’मधल्या अर्थहीन नावाच्या फोल्डरात असेल, तर तिच्याकडे संशयाने पाहावे. सिसइंटर्नल्सचेच ‘ऑटोरन्स’ हे साधन या सगळ्या जागा एकत्र दाखवते; त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे, मात्र टास्क तपासताना ती बंद ठेवावी, कारण घातक स्क्रिप्ट चालवणारा डब्ल्यूस्क्रिप्ट हा स्वतः मायक्रोसॉफ्टचाच असतो.

टास्क सापडली तर ती एकदम पुसू नका. आधी ‘डिसेबल’ करा, तिच्या ‘ॲक्शन्स’चा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, प्रॉक्सीचा पर्याय बंद करा आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहा. सेटिंग बंदच राहिले तर टास्क व तिने चालवलेली फाइल काढून टाका.

आणखी एक विनंती. त्रुटीचा संदेश शोधयंत्रात टाकून समोर येणारी ‘एका क्लिकमध्ये प्रॉक्सी दुरुस्त करा’ छापाची साधने उतरवून घेऊ नका. त्यांतली कितीतरी स्वतःच जाहिराती घुसवणारी असतात. साधनच हवे असेल तर मालवेअरबाइट्सचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. त्यात प्रॉक्सी पूर्ववत करण्याचा वेगळा पर्याय आहे, तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

उत्तर : शब्दवेल्हाळ

फायरफॉक्सपुरते मी सांगते. हा ब्राउझर विंडोजचे प्रॉक्सी सेटिंग वापरू शकतो, पण त्याचे स्वतःचेही एक सेटिंग असते, आणि ते हाताने भरलेले असेल तर विंडोजमध्ये काय आहे याकडे तो बघत नाही. ताईंनी फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’ या पानाच्या अगदी तळाशी ‘नेटवर्क सेटिंग्ज’ उघडावे. तिथे ‘मॅन्युअल प्रॉक्सी कॉन्फिगरेशन’ निवडलेले असेल आणि खाली तोच पत्ता असेल, असा माझा अंदाज आहे. ‘यूज सिस्टिम प्रॉक्सी सेटिंग्ज’ हा मुळातला पर्याय आहे. तो निवडून ‘ओके’ करावे.

फायरफॉक्स बंद करून उघडल्यावर सेटिंग पुन्हा बदललेले दिसले, तर पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, विसर्गासारखे चिन्ह आणि ‘सपोर्ट’ असे सलग लिहून एंटर करावे. त्या पानावर ‘प्रोफाइल फोल्डर’समोर फोल्डर उघडण्याचे बटण असते. फायरफॉक्स पूर्ण बंद करून त्या फोल्डरात ‘यूजर डॉट जेएस’ नावाची फाइल आहे का ते पाहावे. ही फाइल फायरफॉक्स स्वतःहून कधीच तयार करत नाही, मात्र ती असली तर प्रत्येक वेळी सुरू होताना तिच्यातले सगळे सेटिंग लागू करतो. तुम्ही दोघांनी ती मुद्दाम ठेवलेली नसेल, तर नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. ‘नेटवर्क डॉट प्रॉक्सी’ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या की कारण सापडले, फाइल काढून टाकावी. त्याच्या शेजारची ‘प्रेफ्स डॉट जेएस’ मात्र पुसू नये, ती फायरफॉक्सची स्वतःची असते.

फायरफॉक्स काढून पुन्हा बसवल्यानेही ही अडचण जात नाही, कारण प्रोफाइलचा फोल्डर मागे तसाच राहतो आणि नवा फायरफॉक्स तोच वापरतो. त्यापेक्षा ‘सपोर्ट’च्या पानावरील ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ चांगला. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड टिकतात, एक्स्टेन्शन्स जातात. या प्रसंगी ती गेलेलीच बरी.

उत्तर : जाळेपाल

मी एका महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळतो. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. त्यांत आलेल्या नाहीत अशा दोन बाबी सांगतो, आणि त्यातली दुसरी नेट बँकिंगच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

पहिली बाब स्वयंचलित स्क्रिप्टची. प्रॉक्सीच्या त्याच पानावर ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ असा आणखी एक पर्याय असतो. रजिस्ट्रीमध्ये ‘ऑटो कॉन्फिग यूआरएल’ या नावाने दिसतो तो हाच. इथे दिलेल्या पत्त्यावर जावास्क्रिप्टची एक छोटी फाइल असते आणि तिच्यात ‘फाइंड प्रॉक्सी फॉर यूआरएल’ हे एकच फंक्शन मुख्य असते. कोणत्या संकेतस्थळासाठी थेट जायचे आणि कोणत्यासाठी कोणत्या प्रॉक्सीमार्फत, हे ते फंक्शन ठरवते. नेटस्केपने १९९६ मध्ये आणलेली ही सोय आजही मोठमोठ्या संस्था रास्त कारणांसाठी वापरतात. ब्राझीलमधील बँकिंग ट्रोजनांनी (बँकेची माहिती चोरणाऱ्या छुप्या घातक सॉफ्टवेअरनी) तिचा गैरवापर फार मोठ्या प्रमाणावर केला : इतर सगळी संकेतस्थळे थेट, आणि निवडक बँकांचे पत्ते तेवढे हल्लेखोराच्या सर्व्हरकडे. वापरणाऱ्याला सगळे सुरळीत वाटते, जाहिरात नाही, संथपणा नाही, आणि बँकेच्या पानाऐवजी हुबेहूब नकली पान समोर येते. तुमच्याकडील लक्षणांवरून असे झालेले दिसत नाही, तरीही हा पर्याय बंद आहे आणि तिथे कुठलाही पत्ता उरलेला नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

दुसरी बाब प्रमाणपत्राची, म्हणजे संकेतस्थळाची ओळख ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस, संकेतस्थळाशी बोलताना ब्राउझर प्रॉक्सीला फक्त जोडणी करून द्यायला सांगतो. पुढचे संभाषण कूटबद्ध असल्यामुळे प्रॉक्सीला संकेतस्थळाचे नाव कळते, मजकूर कळत नाही. मग बातम्यांच्या पानांवर त्याने जाहिराती घुसवल्या कशा? आज बहुतेक सगळी वृत्तसंकेतस्थळे एचटीटीपीएसवरच आहेत. जाहिराती एखाद्या एक्स्टेन्शनने घुसवल्या नसतील, तर प्रॉक्सीने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या भांडारात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात ते) बसवले असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल, तर तो प्रत्येक संकेतस्थळासाठी जागच्या जागी नकली प्रमाणपत्र बनवू शकत होता, ब्राउझर ते खरे मानत होता, आणि बँकेचा पासवर्डही त्याला उघड्या अक्षरांत दिसू शकत होता.

२०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवून दिलेल्या ‘सुपरफिश’ या जाहिरातींच्या सॉफ्टवेअरवरून मोठा गदारोळ झाला, तो नेमका या कारणाने. त्याने बसवलेले मूळ प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली (त्या प्रमाणपत्राच्या नावाने नवी प्रमाणपत्रे बनवण्याचा गुप्त संकेत) सर्व लॅपटॉपांवर एकच होती आणि ती किल्ली संशोधकांनी लवकरच शोधून काढली. शिवाय सुपरफिश अनइन्स्टॉल केले, तरी प्रमाणपत्र मागे राहत होते. तुमच्या बाबतीतही प्रॉक्सी गेला म्हणून प्रमाणपत्र गेले, असे गृहीत धरू नका.

पाहण्याची रीत अशी : स्टार्टमध्ये ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ रोमन अक्षरांत लिहून उघडा आणि ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ खालील ‘सर्टिफिकेट्स’मध्ये जा. यादी मोठी असते. तिच्यात मुदत संपण्याची तारीख दिसते, म्हणून अनोळखी वाटणाऱ्या प्रमाणपत्रावर दोनदा टिचकी देऊन ते कधीपासून वैध आहे ते बघा. ते सॉफ्टवेअर बसवल्याच्या दिवसाच्या आसपासची तारीख असलेले प्रमाणपत्र ठळकपणे वेगळे पडते, कारण खऱ्या मूळ संस्थांची प्रमाणपत्रे बहुधा कित्येक वर्षांपूर्वीची असतात. तारीख मागची घालता येते, म्हणून नावेही वाचा. संपूर्ण संगणकापुरते असलेले भांडार ‘सर्टएलएम डॉट एमएससी’मध्ये दिसते, तेही पाहा. मात्र घाईने काही पुसू नका. काही अँटिव्हायरस एचटीटीपीएस तपासण्यासाठी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवतात; ते अँटिव्हायरसच्याच नावाचे असते आणि ते पुसले तर संकेतस्थळे उघडताना नव्याच चुका येऊ लागतील. शंका असेल तर बँकेचे संकेतस्थळ उघडून प्रमाणपत्र कोणी दिले आहे ते वाचा आणि मोबाइल डेटावर असलेल्या फोनमध्ये त्याच संकेतस्थळाचे प्रमाणपत्र पाहून दोन्ही नावे ताडून बघा. लॉग इन करायचे नाही, फक्त पान उघडायचे.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. संगणक कार्यालयाचा असेल, तर प्रॉक्सी, स्क्रिप्ट, मूळ प्रमाणपत्र आणि क्रोममध्ये दिसणारे ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ हे वाक्य, हे सगळे संस्थेने योजून केलेले असू शकते. तिथे संगणक विभागाला विचारल्याशिवाय काहीही बदलू नये. घरच्या संगणकावर मात्र ते वाक्य दिसले तर तपास करावा. ‘क्रोम’, विसर्गासारखे चिन्ह, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असे पत्त्याच्या पट्टीत लिहिल्यास कोणते धोरण लादलेले आहे ते कळते.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. काय आढळले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

८८७७ वर ऐकणारे कोणी नव्हते. प्रोसेस मॉनिटरच्या नोंदीत ‘प्रॉक्सी एनेबल’वर लिहिणारा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ निघाला. टास्क शेड्युलरमध्ये एका नामांकित ब्राउझरच्या अपडेटरशी मिळतेजुळते नाव असलेली टास्क होती, फक्त नावातले एक अक्षर जास्त होते. लॉग इन होताच आणि पुढे दर तासाला ‘ॲपडेटा’च्या ‘रोमिंग’ फोल्डरमधील एक जावास्क्रिप्ट फाइल चालवायची, एवढेच तिचे काम. टास्क डिसेबल केल्यावर संगणक पुन्हा सुरू करूनही सेटिंग बदलले नाही, म्हणून टास्क व फाइल दोन्ही काढली. फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये ‘यूजर डॉट जेएस’ सापडली. तिच्यात प्रॉक्सीच्या ओळींखेरीज दुसरे काहीच नव्हते. ती काढल्यावर पत्नीचा फायरफॉक्स पूर्ववत झाला. सेटअप स्क्रिप्टचा पर्याय बंद आणि रिकामा आहे.

मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत मात्र एक प्रमाणपत्र त्या सॉफ्टवेअरच्या बसवण्याच्याच तारखेचे आहे. नाव एखाद्या सुरक्षा कंपनीसारखे वाटते, पण आमच्या अँटिव्हायरसचे नाही. जाळेपाल यांनी व्यक्त केलेली शंका खरी ठरली असे दिसते. आता हे प्रमाणपत्र पुसणे पुरेसे आहे का, आणि बँकेबाबत कोणत्या क्रमाने काय करावे?

उत्तर : जाळेपाल

प्रमाणपत्र पुसा, पण त्याआधी ते ‘एक्स्पोर्ट’ करून पेन ड्राइव्हवर ठेवा. बँकेकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करण्याची वेळ आली तर तो पुरावा उपयोगी पडेल. त्यानंतर ब्राउझर बंद करून उघडा.

पुरेसे आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मूळ प्रमाणपत्र बसवून बँकेच्या व्यवहारांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या सॉफ्टवेअरने त्या संगणकावर आणखी काय केले, हे खात्रीने सांगण्याचा मार्ग आपल्यासारख्यांकडे नसतो. २०११ च्या नोव्हेंबरात एफबीआयने ‘डीएनएस चेंजर’ या घातक सॉफ्टवेअरची टोळी उघडकीस आणली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांची डीएनएस सेटिंग (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारायचा हे ठरवणारी) बदललेली होती. टोळी पकडली गेली तरी संगणकांमधली सेटिंग बदललेलीच राहिली. न्यायालयाच्या परवानगीने पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले आणि ते बंद झाल्यावर दुरुस्त न केलेल्या संगणकांचे इंटरनेट थांबले. एका जागची दुरुस्ती झाली म्हणजे सगळे झाले, असे समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. तुमच्या वाय-फाय राउटरचे डीएनएसही तपासा आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच असेल तर तो बदला.

माझा सल्ला असा की विंडोज नव्याने बसवावे.

उत्तर : तंत्रवाट

जाळेपाल यांची काळजी योग्य आहे. मी बँकिंगचा विचार करून तोच सल्ला देईन. परंतु डाँगलवरच्या जुन्या सॉफ्टवेअरची अडचणही खरी आहे. जुळणीची ती सॉफ्टवेअर पुन्हा मिळवताना कामे अडून राहतात, हे मी जवळून पाहिलेले आहे. म्हणून एक मधला मार्ग सुचवतो : या संगणकावर यापुढे बँक, ईमेल आणि पैशांशी संबंध असलेले काहीही उघडू नये, तो केवळ जुळणीसाठी ठेवावा, आणि हातातील पुस्तके छपाईला गेली की सवडीने विंडोज नव्याने बसवावे. तोपर्यंत विंडोज सिक्युरिटीमधील ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ एकदा करून घ्या. ही तपासणी विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या वातावरणात चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून राहणारे सॉफ्टवेअर तिला सापडण्याची शक्यता जास्त असते. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही तपासणीची मोफत साधने आहेत. कमांड खिडकीत ‘नेटएसएच’, ‘विनएचटीटीपी’, ‘शो’, ‘प्रॉक्सी’ हे चार शब्द रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा सोडून लिहा. उत्तर ‘डायरेक्ट ॲक्सेस’ असे यायला हवे. विंडोजच्या काही सेवा ब्राउझरचे सेटिंग न पाहता या वेगळ्या सेटिंगवर चालतात. तिथे प्रॉक्सी दिसला, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत ‘शो’च्या जागी ‘रीसेट’ लिहून तोच आदेश द्यावा.

बँकेबाबत क्रम महत्त्वाचा आहे. पासवर्ड या संगणकावरून बदलू नका, दुसऱ्या निर्धोक साधनावरून बदला, आणि सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड ईमेलवरूनच पुन्हा मिळवता येतात. ईमेलच्या खात्यात लॉग इन असलेल्या साधनांची यादी असते. तिथून या संगणकाला लॉग आउट करा, कारण पासवर्ड न चोरता केवळ कुकी (तुम्ही लॉग इन केले आहे हे दाखवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद) चोरूनही खात्यात शिरता येते. आपली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर परस्पर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, तेही पाहा. मग नेट बँकिंगचा लॉग इन पासवर्ड आणि व्यवहाराचा पासवर्ड दोन्ही बदला. खात्यात तुम्ही न जोडलेला लाभार्थी आहे का, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच आहे का, आणि त्या काळातले छोट्या रकमांचे व्यवहार ओळखीचे आहेत का, हे शाखेत जाऊन छापील उताऱ्यावर पाहिले तर उत्तम. एकही व्यवहार अनोळखी निघाला, तर त्याच क्षणी बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा; पैसे पुढे काढून घेतले जाण्याआधी ते गोठवले जाण्याची शक्यता तक्रार किती लवकर होते यावर बरीचशी अवलंबून असते.

कृष्णाकाठ

सल्ला पटला. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड पत्नीच्या मोबाइलवरून बदलले आहेत. शाखेत जाऊन उतारा घेतला. सर्व व्यवहार आमचेच आहेत आणि लाभार्थ्यांच्या यादीत कोणी नवे नाही. या संगणकावर आता फक्त जुळणी होईल. शेवटचा एक प्रश्न : विंडोज नव्याने बसवण्यापूर्वी पुस्तकांच्या फाइली आणि फॉन्ट दुसऱ्या डिस्कवर घेताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : शब्दवेल्हाळ

पुस्तकांच्या फाइली, पीडीएफ, चित्रे निर्धास्तपणे घ्या, मात्र नवे विंडोज बसवल्यावर उघडण्यापूर्वी ती संपूर्ण डिस्क एकदा स्कॅन करा. वर्डच्या फाइलींमध्ये मॅक्रो (फाइलीतच दडलेले छोटे प्रोग्राम) असल्याची सूचना आली आणि तुम्ही ते लिहिलेले नसतील, तर ‘एनेबल कंटेंट’ करू नका. ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधल्या सेटअपच्या फाइली, झिप केलेली सॉफ्टवेअर आणि ते मोफत रूपांतरक यांतले काहीही नव्या विंडोजवर आणू नका; फॉन्ट आणि जुळणीची सॉफ्टवेअर मूळ सीडीवरूनच बसवा. क्रोमचे किंवा फायरफॉक्सचे जुने प्रोफाइल फोल्डर तर अजिबात उचलू नये. बुकमार्क तेवढे एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून घ्यावेत. डाँगलचे सॉफ्टवेअर विंडोज पुसण्याआधी परवाना परत करायला सांगणारे असेल, तर ते काम आधी उरका. मजकूर युनिकोडमध्ये बदलण्यासाठी अनोळखी रूपांतरक पुन्हा घेण्याऐवजी ज्या कंपनीचे फॉन्ट आहेत तिच्याकडेच चौकशी करा. बऱ्याच जुळणी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही सोय दिलेली असते.